२००३ ची ओपेल कॉर्सा: एसीचे पार्ट शोधायचे कुठे आणि कोणत्या नावाने?

नाशिकहून एकांनी विचारलंय. वडिलांची २००३ ची ओपेल कॉर्सा आहे, पेट्रोल, नव्वद हजार किलोमीटर झालेली. दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला, दर वेळी महिना-दीड महिन्यात थंडावा गायब. एका गॅरेजने सांगितलं, कुलिंग कॉइल (हवा थंड करणारी जाळी) गेली आणि ती आता कुठेच मिळत नाही. दुसरा म्हणाला, कॉम्प्रेसरसकट (गॅस दाबून फिरवणारा पंप) सगळं काढून मारुतीचं किट टाकू. शिवाय ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर ढिम्म. कंपनीच देशात उरली नाही, मग पार्ट आणायचे कुठून, की गाडीच काढून टाकायची?

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतो. त्यात 'अनाथ' गाड्यांचा, म्हणजे ज्या आता इथे बनत नाहीत त्यांचा, वाटा मोठा. मॅटिझ, उनो, पालिओ, लान्सर, आणि हो, कॉर्साही. या गाड्यांचे मालक येतात तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, 'पार्ट कुठे मिळेल?' माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. आधी कोणता पार्ट गेलाय हे नक्की व्हायला हवं. आणि तो मागायचा कोणत्या नावाने हे कळलं, तर कुठे मिळेल हे बऱ्याचदा आपोआप सुटतं.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्यात. ब्लोअरची आधी मिटवून टाकू, कारण ती सोपी आहे. पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालतो म्हणजे रेझिस्टन्स (पंख्याचे खालचे वेग देणारा पार्ट) जळलाय. वरच्या वेगाला करंट रेझिस्टन्स टाळून थेट मोटरला जातो, म्हणून तेवढा एक वेग जिवंत राहतो. हा छोटा पार्ट ब्लोअरजवळ हवेच्या वाटेत बसवलेला असतो. तोच मिळाला नाही तरी बिघडत नाही. ओहम मोजून, हवेत थंड राहील असा दुसऱ्या गाडीचा बसवता येतो. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. कनेक्टर वितळलाय का, आणि मोटर बंद असताना हाताने हलकी फिरते का. मोटरचं बुश सुकलं असेल तर ती जास्त करंट ओढते आणि नवा रेझिस्टन्सही सहा महिन्यांत जळतो. मग तुम्ही रेझिस्टन्सला शिव्या घालत बसता.

आता गॅसबद्दल. गाडीच्या एसीत गॅस 'संपत' नाही, तो कुठून तरी बाहेर जातो. तीनदा भरला आणि तीनदा गेला, म्हणजे तिन्ही वेळा कुणी लिकेज शोधलंच नाही. कॉइल गेली हे त्या गॅरेजवाल्याने कसं ठरवलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला विचारा. 'अहो, या गाड्यांची कॉइलच जाते' असं उत्तर आलं तर तो त्याचा अंदाज समजा.

कॉइल डॅशबोर्डच्या मागे पेटीत असते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती संशयितांच्या यादीत शेवटी घ्यायची, कारण तिथे पोचायलाच एक-दीड दिवस जातो. आधी समोरच्या गोष्टी बघतो. कंडेन्सरवर (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) तेलकट डाग पडून त्यावर धूळ बसली आहे का? खडी उडून लागलेल्या जागी असं होतं. कॉम्प्रेसरच्या क्लचच्या (कॉम्प्रेसर इंजिनाला जोडणारी-सोडणारी थाळी) भोवती आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे आहेत का? असले तर पुढचं शाफ्ट सील गेलंय. वडिलांची गाडी आता कमीच चालत असणार असा माझा अंदाज आहे, आणि उभ्या गाडीत सील सुकतं, कारण तेल फिरतच नाही. (हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावा असं आम्ही सांगतो ते याचसाठी. कुणी ऐकत नाही.) पाइपचे जोड, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या आतली पिन, प्रेशर स्विचचं बूड, ही सगळी स्वस्तातली ठिकाणं आहेत. माझ्याकडे 'कॉइल गेली' म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या पाच-दहा रुपयांच्या ओ-रिंगवर (जोडातली रबरी कडी) बऱ्या होऊन गेल्यात.

कॉइल तपासायची एक युक्ती सांगतो, ती गॅरेजमध्ये कमी लोक वापरतात. एसी चालू असताना कॉइलमधला दाब दोन बारच्या आसपास असतो. गाडी बंद करून उन्हात उभी केली की दोन्ही बाजूंचा दाब समान होतो आणि ४० अंशांच्या दुपारी तो नऊ बारपर्यंत जातो. म्हणजे कॉइल गळते ती मुख्यतः गाडी बंद असताना. तेव्हा गॅस असताना गाडी उन्हात तासभर बंद ठेवायची आणि मग कॉइलचं पाणी ज्या नळीतून खाली ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी लिकेज डिटेक्टर धरायचा. १३४ए, म्हणजे एसीतला गॅस, हवेपेक्षा जड आहे, पेटीत साठलेला गॅस तिथूनच खाली उतरतो. डिटेक्टर तिथे बोंबलला आणि बॉनेटखाली बाकी कुठेच बोंबलला नाही, तर कॉइलच. त्या नळीच्या तोंडाला तेलकटपणा असेल तर आणखी एक साक्षीदार मिळाला.

सिस्टिम रिकामीच असेल तर नायट्रोजन भरून दहा बारवर ठेवायचं आणि तासाभरात काटा खाली येतो का बघायचं. नायट्रोजनच. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरणारे लोक आहेत, ती हवा आत पाणी नेते. आणि कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायला निघाला तर गाडी घेऊन तिथून निघा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोट होतो.

समजा हे सगळं करून कॉइलच निघाली. आता शोधाकडे वळू, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक लोक इथेच हार मानतात.

काउंटरवर जाऊन 'ओपेल कॉर्साची कुलिंग कॉइल' म्हटलंत की उत्तर ठरलेलं आहे: 'ओपेल? बंद झाली.' त्याचं खोटं नाही. ओपेल भारतात आली १९९६ मध्ये अ‍ॅस्ट्रा घेऊन, कॉर्सा आली २०००च्या सुमारास, गुजरातेतल्या हालोलच्या कारखान्यातून. २००६ मध्ये ओपेलची मालक जनरल मोटर्सने (जीएम) इथे ओपेलचं नाव बंद करून सगळं शेव्हरोलेवर आणलं आणि २०१७ च्या शेवटी शेव्हरोलेही विकायची थांबवली. दुकानदाराच्या डोक्यात या नावांचा कप्पा रिकामा झालाय. पण तुमच्या गाडीचं कुटुंब जगभर पसरलेलं आहे, आणि पार्ट त्या कुटुंबाच्या नावाने मिळतो.

तुमची गाडी म्हणजे 'कॉर्सा बी'. ही पिढी युरोपात १९९३ ला आली. इंग्लंडमध्ये ती व्हॉक्सहॉल कॉर्सा, ऑस्ट्रेलियात होल्डन बरीना, दक्षिण आफ्रिकेत ओपेल कॉर्सा आणि नंतर कॉर्सा लाइट. दक्षिण अमेरिकेत शेव्हरोले कॉर्सा आणि पुढे शेव्हरोले क्लासिक, जी २०१६ पर्यंत बनत होती. चीनमध्ये हीच गाडी ब्यूक सेल म्हणून निघाली. म्हणजे जिला तुम्ही मेलेली समजताय तिची भावंडं दहा वर्षांपूर्वीपर्यंत नवी कोरी कारखान्यातून बाहेर पडत होती.

पण इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्हींत लोक पडतात.

पहिला खड्डा वर्षाचा. परदेशी पार्टच्या साइटवर तुम्ही 'ओपेल कॉर्सा, २००३' टाकलंत की ती तुम्हाला कॉर्सा सी चे पार्ट दाखवणार. युरोपात २००० पासून नवी पिढी आली होती, आपल्याकडे त्याच सुमारास जुनी पिढी नवी म्हणून आली. आरसीवरचं वर्ष तिथे कामाचं नाही. कॉर्सा बी निवडा आणि वर्ष १९९८ च्या आसपासचं टाका. चुकीच्या पिढीचा कंडेन्सर मागवून, पैसे भरून, तो भिंतीला टेकवून ठेवलेला एक ग्राहक मला माहीत आहे.

दुसरा खड्डा 'सेल' या नावाचा. आपल्याकडे कॉर्साच्या हॅचबॅकला कॉर्सा सेल म्हणायचे. २०१२ मध्ये शेव्हरोलेने सेल नावाची गाडी आणली, ती पूर्ण वेगळी. दुकानदाराला 'सेल' म्हणालात तर तो आनंदाने त्या नव्या गाडीचा पार्ट काढून देईल.

तिसरा खड्डा स्टीअरिंगचा. बॉनेटखालचे पार्ट, म्हणजे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी बाटली), यांना स्टीअरिंग कुठे आहे याचं फारसं देणंघेणं नसतं. डॅशबोर्डखालच्या पेटीला असतं. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीची पेटी आरशात बघितल्यासारखी उलटी असू शकते आणि कॉइलच्या नळ्या भलत्या बाजूला निघतात. म्हणून कॉइल शोधताना ब्राझील आणि चीन बाजूला ठेवा. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया बघा, तिथे आपल्यासारखंच उजवं स्टीअरिंग. त्यातही नव्वदच्या दशकातल्या इंग्लंडच्या लहान गाड्यांत एसी फारसा नसायचाच. माझी पसंती उरलेल्या दोन देशांना.

यापुढे नंबर. जीएमच्या पार्टला बहुधा दोन नंबर असतात, एक आठ आकडी जीएमचा आणि एक सात आकडी ओपेलच्या कॅटलॉगचा. जुन्या पार्टवर स्टिकर असतो किंवा आकडे कोरलेले असतात. दोन्ही टाकून शोधा, कारण एक विक्रेता एक लिहितो, दुसरा दुसरा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पार्ट प्रत्यक्षात कुणी बनवला. गाडीची कंपनी एसी बनवत नाही. तो बेअर, डेल्फी, वालेओ, डेन्सो, सँडेन अशा कंपन्या बनवतात. आपल्याकडे सुब्रोस आहे, सुझुकी आणि डेन्सोच्या भागीदारीतली. या नावांतही उलथापालथ झाली आहे. बेअर २०१३ मध्ये मालेच्या ताब्यात गेली आणि डेल्फीचा एसीचा विभागही २०१५ मध्ये मालेने घेतला. म्हणजे जुन्या पार्टवर डेल्फी लिहिलंय तर नवा पार्ट मालेच्या खोक्यात मिळू शकतो. बाजारात पर्यायी माल बनवणाऱ्यांत डेन्मार्कची निसेन्स आणि नेदरलँड्सची एनआरएफ यांचा माल मी वापरलाय. कंडेन्सरच्या बाबतीत तो चांगला निघाला.

तुमच्या कॉम्प्रेसरवर एक प्लेट असेल. ती कापडाने पुसून फोटो काढा. बाजारात हा फोटो दाखवून विचारलं की 'बंद झाली' म्हणणारा तोच माणूस शिडी लावून माळ्यावर चढतो. मी हे स्वतः बघितलंय.

बाजार कुठला? नाशिकहून मुंबई जवळ. नव्या मालासाठी ऑपेरा हाउसच्या बाजूची दुकानं, जुन्यासाठी कुर्ला-कलिन्याची सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठ. पण अशा गाड्यांचा जुना माल सगळ्यांत जास्त दिल्लीत, मायापुरी आणि कश्मीरी गेटला. याला कारण आहे. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश दिले, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाड्याही तिथे भंगारात गेल्या. दक्षिणेत चेन्नईचं पुदुपेट. पूर्वी लोक मेरठच्या सोतीगंजचं नाव घ्यायचे, पण चोरीच्या गाड्यांचे पार्ट विकले जातात म्हणून पोलिसांनी २०२१ च्या शेवटी तो बाजारच बंद पाडला. यावरून एकच घ्या: जुना पार्ट घेतलात तरी पावती घ्या, आणि पावती न देणाऱ्याकडून इंजिनजवळचं काहीही घेऊ नका.

आता भंगारातून काय घ्यावं. डॅशवरचं कंट्रोल पॅनेल, त्याच्या केबली, बटणं, हवेच्या पेटीतले पडदे, डक्ट, ब्लोअर मोटर, कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट, पुली, आणि पाइपची टोकं, हे सगळं बिनधास्त घ्या. किंबहुना यातलं प्लॅस्टिक नवं कुठेच मिळणार नाही. दिसलं तर आत्ता लागत नसलं तरी उचलून ठेवा. कंडेन्सर घ्यायचा तर दुकानातच दाब भरून दाखवायला सांगा. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणाऱ्या गॅसचा दाब उतरवणारा) मात्र कधीच जुना घेऊ नका. ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात, तोंड उघडं राहिलं की ते हवेतली ओल पिऊन संपतात. बाहेरून बाटली नवीसारखी दिसते, आत ती मेलेली असते.

जुना कॉम्प्रेसर हा जुगार आहे, पण खेळायचाच तर डोळे उघडे ठेवून खेळा. क्लचची पुढची थाळी हाताने फिरवा. सारखा, गुळगुळीत जोर लागला पाहिजे. अडकत असेल किंवा अगदीच मोकळा फिरत असेल तर नको. मागची भोकं टोपीने बंद आहेत का बघा. उघडी असतील तर आत महिनोन्महिने हवा गेली आहे. तेलाचे दोन थेंब बोटावर घ्या. काळं किंवा चंदेरी चमक असलेलं तेल म्हणजे आतून झिजलाय. क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स साडेतीन-चार ओहमच्या आसपास आला तर ती बाजू ठीक. आणि चकचकीत काळा रंग दिलेला कॉम्प्रेसर बघून भुलू नका. सुरुवातीच्या काळात मी असाच एक 'रीकंडिशन' म्हणून आणला होता, रंगाखाली फक्त जुनी धूळ होती. ग्राहकाचे पैसे मी खिशातून दिले.

कॉइल नवी मिळाली तर उत्तमच. बाहेरून मागवली तर कुरिअर आणि कस्टम मिळून कधी कधी पार्टच्याच किमतीइतका खर्च वर बसतो, तो आधी धरा. नाहीच मिळाली, तर बनवून घ्यायची. हे ऐकून लोक दचकतात, पण यात काही जादू नाही. जुन्या कॉइलची लांबी, उंची, जाडी मोजायची. त्याच मापाची, किंवा किंचित लहान, चालू गाडीची अ‍ॅल्युमिनियमची कॉइल बघायची. मग जुन्या कॉइलचे नळीचे तुकडे, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह जिथे बसतो ती टोकं, कापून नव्या कॉइलला आर्गॉन वेल्डिंगने जोडायची. नाशिकला सातपूर-अंबडमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर आर्गॉन करणारे चांगले हात आहेत, यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कॉइल थोडी लहान असेल तर पेटीत तिच्या कडेने फोम नीट भरायचा, नाहीतर हवा कॉइलला वळसा घालून तशीच गरम बाहेर येते. वेल्डिंगनंतर कॉइल पाण्याच्या टबात बुडवून नायट्रोजनचा दाब देऊन बुडबुडे बघायचे, आणि हे तुमच्या डोळ्यांसमोर. डॅश बंद झाल्यावर बुडबुडे बघता येत नाहीत.

जुन्या कॉइललाच डाग द्यायचा, म्हणजे भोक वेल्डिंगने बुजवायचं का? नळीच्या जाड भागाला गळती असेल तर हो. पण या कॉइल आतून पातळ पत्र्याच्या असतात. वर्षानुवर्षं पानं, धूळ आणि ओल बसून त्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी गळायला लागतात. एक भोक बुजवलं की शेजारचं तयार असतं. एपॉक्सी लावून देतो म्हणणारा माणूस डॅशबोर्ड उघडायचे पैसे तुमच्याकडून दोनदा घेणार आहे.

मारुतीच्या किटबद्दल. मी त्याला सरसकट नाही म्हणत नाही. रस्त्यावर अशा गाड्या धावतात. पण ते करणाऱ्याला एक प्रश्न विचारा: 'कॉइल गोठू नये म्हणून काय करणार?' का विचारायचं ते सांगतो. तुमच्या कॉम्प्रेसरच्या प्लेटवर व्ही-५ असं काही असेल, तर तो स्वतःचा पंप लहान-मोठा करणारा कॉम्प्रेसर आहे. कॉइल जास्त थंड व्हायला लागली की तो आपोआप कमी गॅस ओढतो, त्यामुळे त्या सिस्टिमला कॉइलवर थर्मोस्टॅट लागेलच असं नाही. मारुतीचा साधा कॉम्प्रेसर एकाच ताकदीने ओढत राहतो. त्याला कॉइलचं तापमान दोन-तीन अंशांवर आलं की क्लच तोडणारा थर्मोस्टॅट लागतोच. तो लावला नाही तर कॉइलवर बर्फ जमतो आणि हवा येणंच बंद होतं.

मला हे कसं माहीत? मी स्वतः केलंय. धंद्यात तिसरं-चौथं वर्ष असेल. एका अशाच गाडीला साधा कॉम्प्रेसर बसवला, गॅरेजमध्ये दहा मिनिटांत थंडगार, मी खूश. ते कुटुंब गाडी घेऊन पाचगणीला निघालं आणि वाईच्या पुढे घाट चढताना त्यांच्या तोंडावर हवाच येईना. त्यांनी फोन केला, मी म्हटलं फ्यूज बघा. मग कुणीतरी गाडी अर्धा तास बंद ठेवली आणि पायाखाली पाण्याचं तळं झालं. तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. तेव्हापासून कॉम्प्रेसरची जात बदलली की थर्मोस्टॅट आधी आणतो, कॉम्प्रेसर नंतर.

आणि तुमचा कॉम्प्रेसर गेलाय असं तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. गॅस भरल्यावर महिनाभर थंड होतोय ना? मग तो काम करतोय. चालतं इंजिन काढून दुसरं बसवण्यासारखा हा सल्ला आहे. क्लचभोवती तेल नसेल तर त्याला हात लावू नका.

डॅशबोर्ड एकदा उघडला की त्यामागचं सगळं एकदाच उरका. मजुरी तिथेच जाते. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असेल तर नवा. काही सिस्टिममध्ये त्याऐवजी पाइपच्या आत बारीक ऑरिफिसची नळी असते, ती असेल तर तीही नवी. सगळ्या ओ-रिंग हिरव्या, १३४ए च्या. हीटरची कॉइल तिथेच असते, तिच्या पाइपला पांढरी पावडर धरली असेल तर आत्ताच बदला. पेटीतल्या पडद्यांवरचा फोम या वयाला चुरा होतो (ब्लोअर लावल्यावर अंगावर काळे कण पडतात ना, तोच). तो गेला की गरम हवा थंड हवेत मिसळते आणि नवी कॉइल लावूनही 'कुलिंग कमी' वाटतं. नवा फोम चिकटवायला तासभर लागतो, फुकटात म्हणा. ब्लोअरचा रेझिस्टन्सही याच वेळी. गाडीला एअरबॅग असेल तर काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा तार काढून काही मिनिटं थांबायला सांगा.

बांधणीच्या वेळी दोनच गोष्टींवर तुमचं लक्ष हवं, बाकी मिस्त्रीवर सोडा. पहिली, तेल. व्ही-५ ला पीएजी १५० लागतं (आकडा तेलाच्या दाटपणाचा), डेन्सोच्या बऱ्याच कॉम्प्रेसरना ४६. दोन्हींना 'एसीचं तेल' म्हणतात आणि एकाच बाटलीतून ओततात, तसं चालत नाही. कॉम्प्रेसरची प्लेट इथेही उपयोगी पडते. दुसरी, गॅस वजनावर. पाऊण तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा स्थिर राहतो का बघायचं, मग वजनकाट्यावर तोलून स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम. स्टिकर बॉनेटखाली पुढच्या पट्टीवर शोधा. 'पाइप थंड झाला, झालं' असं भरलेला गॅस कधी कमी असतो, कधी जास्त, आणि जास्त असला तरी कुलिंग कमीच होतं. काम झाल्यावर मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर धरा. दुपारी गाडी चालती असताना सात-आठ अंश आले तर मी समाधानी असतो.

हे सगळं करावं की नाही, ते मात्र गाडीवर आणि तुमच्यावर आहे. २००३ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं २०१८ ला संपली, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरसीवर पुढची तारीख कधीची आहे ते बघा. २०२८ च्या आत खालचा पत्रा आणि सस्पेन्शनचंही काम निघणार असेल, तर आधी तो हिशेब मांडा. गाडी गावातल्या गावात, सकाळ-संध्याकाळच फिरत असेल तर कदाचित ब्लोअर दुरुस्त करून काच खाली करणंही चालेल. वडील स्वतः एप्रिलच्या दुपारी ती चालवणार असतील तर कॉइलचं काम करा. बनवलेल्या कॉइलसकट हा खर्च मारुतीच्या पूर्ण किटपेक्षा कमीच येतो, निदान माझ्याकडे तरी येतो.

आणि एक. जुनी कॉइल गॅरेजवाल्याला 'भंगारात टाका' म्हणून देऊन येऊ नका. पिशवीत घालून घरी आणा, माळ्यावर ठेवा, एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. नव्या कॉइलमध्ये काही निघालं तर तिची मापं, बसायच्या खाचा आणि नळ्यांची वळणं त्या जुन्या तुकड्यावरच आहेत, आणि दुसरी कॉइल बनवणारा पहिल्यांदा तीच मागेल.